पागेपासून मोटारखान्यापर्यंत

बडोद्याच्या पश्चिमेस गोत्री म्हणून गाव आहे. गाव म्हणावयाचे ते जुन्या सवयीने. वास्तविक ते आता शहराचाच एक भाग झाले आहे. तळे आहे, गावठाण आहे, ज्याला गुजरातीत गामतळ म्हणतात. आणि त्या गामतळाच्या सभोवार, जेथे एके काळी शेते होती तेथे, आता सोसायट्यांची घरे, दुकाने, मोठे सरकारी रुग्णालय व वैद्यकीय महाविद्यालय उभे आहे. दांडिया बाजारातील नि रावपुऱ्यातील वाड्यांत ज्यांच्या पिढ्या गेल्या, अशी काही मराठी कुटुंबेही वाडा सोडून या बाजूस राहावयास आली.

अशाच एका कुटुंबातील वृद्ध गृहस्थ मला शेजारी म्हणून लाभले आहेत. मी त्यांना काका म्हणतो आणि शाळेत शिकवितो म्हणून ते मला मास्तर म्हणतात. एका रविवारी सकाळी चर्चमधून परत येत असता काका फाटकाशीच उभे असलेले दिसले. हातात नकाशाची गुंडाळी होती. “मास्तर, एक अर्ज लिहून द्या,” ते म्हणाले. “गुजरातीत हवा. बोलायला माझं गुजराती चालतं, पण कचेरीत चालेल असं लिहिता येत नाही.”

अर्ज मोटारीच्या छपराचा होता. काकूंना संधिवाताने चालवत नाही; चाकांच्या खुर्चीवरून त्यांना गाडीपर्यंत न्यावे लागते, आणि पावसाळ्यात ते काम फार कठीण होते. काकांना घराच्या बाजूस, फाटकापासून दारापर्यंत, एक साधा मोटारखाना बांधावयाचा होता. परंतु नियमाप्रमाणे ती जागा मोकळी सोडावयाची असते. तिला सर्वजण मार्जिन असे इंग्रजी नावच देतात. घराच्या मागे गॅरेज बांधावे, तर सोसायटीचा हा अगदी शेवटचा भूखंड मागील बाजूस निमुळता होत गेलेला. तेथे मोटार वळणे तर दूरच, नीट शिरतसुद्धा नाही. तेव्हा नियमातून सूट मागण्यावाचून गत्यंतर नव्हते.

“माझ्या आवारात माझ्याच गाडीवर छप्पर घालायला दुसऱ्याची परवानगी कशाला?” असे काकांनी मला विचारले. अर्ज मी त्या दिवशी लिहून दिला. प्रश्नाचे उत्तर मात्र देता आले नाही. पुढे दिवाळीच्या सुट्टीत त्याचा शोध घेत बसलो, आणि श्रोतेहो, तीच हकीकत आज आपल्यापुढे मांडीत आहे.

वसईकडे आमच्या जुन्या घराच्या अंगणात बैलगाडीसाठी खोप होती. चार खांब, वर ताडाच्या झावळ्या. ती बांधताना आजोबांनी कोणाची परवानगी घेतल्याचे मी कधी ऐकले नाही. शेजाऱ्याचे घर इतके दूर की खोपीची सावली त्याच्या अंगणात पडण्याचा प्रश्नच नव्हता. शहरातील स्थिती निराळी होती. वाड्यात घोडा असे, बैल असत, गवताची गंज असे. आग, माश्या आणि दुर्गंधी यांचा त्रास भिंतीपलीकडच्या माणसालाही होई. म्हणून मोठ्या पागा वस्तीपासून अलग राखण्याची रीत पडली. पुण्याच्या हुजूरपागेचे नाव आज मुलींच्या शाळेमुळे सर्वांच्या तोंडी आहे. ती शाळा १८८४ साली निघाली, न्यायमूर्ती रानडे, वामन आबाजी मोडक व डॉक्टर भांडारकर यांच्या पुढाकाराने; आणि पेशव्यांची पागा जेथे होती त्या जागेवर ती नांदली. घोडे गेले, मुली आल्या, नाव तेवढे राहिले. जमिनीचा उपयोग कसा पालटतो याचे याहून गोड उदाहरण मला ठाऊक नाही.

संस्थानी कारभारात अडल्या माणसाला एक वाट उघडी असे. अर्ज वरवर चढत जाई आणि अखेर हुजूर हुकूम होई. सयाजीराव महाराजांच्या राज्यात, म्हणजे १८७५ पासून १९३९ पर्यंत, कायदे व नियम पुष्कळ झाले. तथापि शेवटचा शब्द हुजुरांचाच राहिला. यात एक गुण होता, तो असा की राजाला माणसाचे दुःख पाहता येई. दोषही त्यातच होता. ज्याची ओळख दरबारापर्यंत पोचे त्याचेच दुःख दिसावयाचे.

नगररचनेचा आजचा कायदा दुसऱ्याच वाटेने आला. जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहराने १८९१ साली आपल्या हद्दीचे विभाग पाडून प्रत्येकात बांधकामाचे निराळे नियम केले. त्याच शहराचे महापौर फ्रान्झ आडिकेस यांच्या खटपटीने १९०२ साली आणखी एक कायदा झाला. विखुरलेली शेते एकत्र करावयाची, त्यांतून रस्ते व मोकळ्या जागा काढून घ्यावयाच्या, आणि उरलेली जमीन नीट आकाराच्या तुकड्यांनी मूळ मालकांना परत द्यावयाची, अशी ती योजना. मुंबई सरकारचे नगररचनेचे सल्लागार मिराम्स यांच्या प्रयत्नाने जो १९१५ चा मुंबई नगररचना कायदा झाला, त्यात हीच कल्पना आली. मूळ भूखंड आणि अंतिम भूखंड हे शब्द आजही आमच्या कागदपत्रांत आहेत ते तेथून. अहमदाबादेतील जमालपूरची योजना ही या कायद्याखालील पहिल्या योजनांपैकी एक होय.

बडोदे त्या वेळी संस्थान असल्यामुळे मुंबईचा कायदा येथे लागू नव्हता. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले; १९५४ च्या नव्या कायद्याने संपूर्ण शहराचा विकास आराखडा करणे नगरपालिकांवर बंधनकारक झाले; आणि गुजरात वेगळा झाल्यानंतरचा १९७६ चा कायदा १९७८ पासून अंमलात येऊन त्याच साली बडोद्याचे नगरविकास प्राधिकरण स्थापन झाले. गोत्रीच्या शेतांवर नगररचना योजना आल्या त्या अशा मार्गाने. काकांचा निमुळता भूखंड म्हणजे एका शेताच्या वाटणीत सर्वांना चौकोन देऊन झाल्यावर उरलेला कोपरा आहे. चौकोन आखणाऱ्याच्या पट्टीखाली असे कोपरे राहावयाचेच.

आता १९१६ या सालाकडे वळतो. त्या एका वर्षात जगाच्या दोन टोकांना दोन लेख तयार झाले, आणि काकांचा अर्ज मला त्या दोहोंच्या मध्ये कोठेतरी पडलेला दिसतो.

पहिला न्यूयॉर्क शहराचा, जुलै महिन्यातला. त्याने संपूर्ण शहराचे विभाग पाडले. काही रस्ते केवळ राहण्यासाठी, काही व्यापारासाठी, आणि उरलेल्यांवर कशालाही बंदी नाही. या नियमांत गॅरेजचा उल्लेख मुद्दाम आहे. व्यापारी विभागात पाचांहून अधिक मोटारी ठेवण्याचे गॅरेज बांधावयाचे नाही, आणि त्याच्या शेजारीच तसाच पाचांहून अधिक घोड्यांचा तबेला! त्या काळच्या माणसाला मोटार हा घोड्याचाच नवा अवतार वाटे. पेट्रोलचा भडका, धूर आणि रात्री-अपरात्रीचा आवाज यांची त्याला धास्ती होती. परंतु नियम करणाऱ्यांना हेही ठाऊक होते की कोणताही नियम सगळ्या जमिनींना सारखा बसत नाही. म्हणून त्यांनी एक अपील मंडळ नेमून त्याला सूट देण्याचा अधिकार दिला. एखाद्या रस्त्यावर आधीच मोठे गॅरेज किंवा मोठा तबेला असेल तर तेथे दुसऱ्या गॅरेजला परवानगी देता येई. आणि ज्यांच्यावर परिणाम होणार अशा रस्त्यालगतच्या मालकांपैकी, दर्शनी लांबीच्या हिशेबाने, शंभरात ऐंशी जणांची लेखी संमती आणली, तरीही ती देता येई. नियमातून सूट मागण्याची जी पद्धत पुढे अमेरिकेतील गावोगावी रूढ झाली, तिच्या आरंभीच असे गॅरेज उभे आहे. १९२६ साली ओहायोमधील युक्लिड या गावाच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने विभागांची ही पद्धत घटनेला धरून आहे असा निकाल दिला, आणि मग तिचा प्रसार झपाट्याने झाला.

दुसरा लेख आपल्या बडोद्याचा. एडिंबरोचे पॅट्रिक गेडिस हे मूळचे जीवशास्त्रज्ञ. १९१४ साली ते आपले नगररचनेचे प्रदर्शन घेऊन हिंदुस्थानात यावयास निघाले, तो ज्या बोटीवर त्यांचे नकाशे व चित्रे होती ती बोट ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने बुडविली. गडी डगमगला नाही; पुन्हा सामान गोळा करून १९१५ च्या आरंभी त्यांनी मद्रासेत प्रदर्शन मांडलेच. १९१६ मध्ये बडोदे शहराच्या वाढीविषयीचा त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. इंजिनिअर लोक त्या काळी दाट वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढण्यासाठी घरांच्या ओळीच्या ओळी पाडण्याची शिफारस करीत. गेडिस यांनी हिंदुस्थानातील आपल्या अहवालांतून सतत उलट सांगितले. आधी पायी हिंडा, घर न् घर पाहा, निदान करा. मग एखादे पडके घर काढा, एखादा कोपरा मोकळा करा, झाड वाचवा, विहीर वाचवा. शरीराचा मोठा भाग कापून टाकण्यापेक्षा दुखरा भाग तेवढाच काढणारी शस्त्रक्रिया त्यांना हवी होती.

न्यूयॉर्कचा लेख सर्वांना एक माप लावतो आणि अडलेल्यासाठी एक लहान दार ठेवतो. गेडिस यांचा सांगावा असा की मापाआधी जागा पाहा. माझ्या मते सूट देणाऱ्या अधिकाऱ्याचे आसन न्यूयॉर्कच्या मंडळाचे असले, तरी त्याची नजर गेडिस यांची असली पाहिजे. नाहीतर ते लहान दार एक तर कायमचे बंद होते, नाहीतर सताड उघडे पडते.

ते दार कोणासाठी उघडावे, यावर अमेरिकेच्या न्यायालयांनी बराच विचार केलेला आहे. १९३९ साली न्यूयॉर्क राज्यात एका खटल्यात निवासी विभागात चाकांच्या बुटांवरून घसरण्याचा खेळ चालविण्यासाठी इमारत बांधू देण्याचा प्रश्न आला होता. न्यायालयाने सूट नाकारली, आणि तीन कसोट्या सांगितल्या. नियम पाळून त्या जमिनीचा काही वाजवी उपयोग होतच नाही, हे दाखविले पाहिजे. अडचण त्याच जमिनीची खास असली पाहिजे, सगळ्या वस्तीची नव्हे. आणि सूट दिल्याने वस्तीचे रूप पालटता कामा नये. थोडक्यात, त्रास जमिनीचा हवा, मालकाच्या हौसेचा नको.

हे वाचले तेव्हा मी थोडा चपापलो. काकांच्या भूखंडाचा निमुळता आकार या कसोटीत बसतो. परंतु काकूंचे दुखणे बसत नाही! ते जमिनीचे नव्हे, माणसाचे आहे. उद्या काकांनी घर विकले तर मोटारखाना राहील आणि चाकांची खुर्ची जाईल. नगररचनेचा कायदा दीर्घकाळ असाच बोलत आला: आम्ही भूखंड पाहतो, त्यावर राहणारे पाहत नाही. त्यात एक न्याय आहे, कारण माणूस पाहू लागलो की ओळखीचा माणूस आधी दिसतो. पण हळूहळू कायद्यालाही हे खटकू लागले असावे. अमेरिकेत १९८८ साली घरांविषयीच्या कायद्यात दुरुस्ती होऊन अपंग व्यक्तीसाठी नियमांत वाजवी फेरफार करणे बंधनकारक झाले. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाजवी सोयीची कल्पना स्पष्ट शब्दांत आली आहे. काकांच्या अर्जात मी दोन्ही कारणे लिहिली. भूखंडाचा आकार आधी आणि काकू नंतर. क्रम बरोबर होता की नाही याची मला अजून खात्री वाटत नाही.

शेजाऱ्यांच्या संमतीविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. ऐंशी टक्के शेजारी राजी असले की झाले, हे ऐकावयास लोकशाहीचे वाटते. परंतु शेजारी नेहमी उजेडासाठीच भांडतो असे नाही. १९१७ च्या सप्टेंबरात डॉक्टर आंबेडकर याच बडोद्यात संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यास आले. संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते परदेशात शिकून आले होते. पण शहरात त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. एका पारशी वसतिगृहात आसरा घेतला, तेथूनही जमावाने त्यांना बाहेर काढले, आणि त्या दिवशी ते कमाटीबागेत, म्हणजे सयाजीबागेत, झाडाखाली बसून रडले. कोणत्याही नकाशावर त्यांच्यासाठी निषिद्ध विभाग आखलेला नव्हता. शेजाऱ्यांची नापसंतीच पुरेशी झाली. अमेरिकेत त्यापूर्वी काही शहरांनी असे विभाग खरोखरच आखले होते, गोऱ्यांचे निराळे, काळ्यांचे निराळे; केंटकीतील लुईव्हिल शहराचा तसला नियम तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी, नोव्हेंबरात, रद्द ठरविला. म्हणून शेजाऱ्याचे ऐकावयाचे ते त्याच्या खिडकीविषयी, त्याच्या झोपेविषयी, त्याच्या पाण्याच्या निचऱ्याविषयी. शेजारी कोण असावा याविषयी मात्र नाही.

शेजाऱ्याचा हा मर्यादित हक्क आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली उडुपीच्या खटल्यात मान्य केला. निवासी भागात नगररचना योजनेविरुद्ध चित्रपटगृहाला दिलेली परवानगी एका रहिवाशाच्या तक्रारीवरून रद्द झाली. पुढे २००० साली तमिळनाडूतील खटल्यात सूट देण्याचा अधिकारच न्यायालयापुढे आला. सरकारने कारणे न देता बांधकाम-नियमांतून सूट देणाऱ्या बासष्ट आज्ञा काढल्या होत्या. न्यायालयाने अधिकार कायम ठेवला, आज्ञा मात्र रद्द केल्या. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांत याच विचाराचे कलम होते. जेथे अडचण उघड दाखविता येते तेथे आयुक्तांनी लेखी कारणे नोंदवून मापांत सवलत द्यावी. परंतु तिने त्या इमारतीत राहणाऱ्यांच्या व शेजारच्यांच्या आरोग्याला वा सुरक्षिततेला बाध येता कामा नये.

एवढे सगळे शास्त्र असता लोक अर्ज का करीत नाहीत, हा प्रश्न काकांच्या फाटकापाशीच मला सुटला. अर्ज लिहून चार दिवस झाले असतील. एक बांधकाम करणारा ठेकेदार तेथे उभा होता. तो हसून म्हणाला, “मास्तर, कशाला विचारता? आधी बांधा. मग सरकार पैसे घेऊन कायम करेल.” त्याचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. गुजरातेत अनधिकृत बांधकामे शुल्क घेऊन नियमित करण्याचे कायदे २००१ साली, पुन्हा २०११ साली आणि पुन्हा २०२२ साली झाले. लोक त्या शुल्काला इम्पॅक्ट फी म्हणतात. लाखो कुटुंबांनी डोक्यावर छप्पर घातल्यानंतर ते पाडावयाचे कसे, ही सरकारची अडचण मला समजते. पण यात एक विपरीत गोष्ट घडते. जो आधी विचारतो त्याला कसोट्या लागतात, शेजाऱ्याची खिडकी मोजली जाते, कारणे मागितली जातात. जो विचारत नाही त्याच्याबाबतीत खिडकीचा प्रश्न मागे पडतो आणि चौरस मीटरांचा हिशेब पुढे येतो. हुजूर हुकमाच्या काळी सूट ओळखीने मिळे. येथे ती भाजीसारखी भावाने मिळते, आणि दोन्ही वेळी खिडकीतल्या माणसाला कोणी विचारीत नाही.

ठेकेदाराचे बोलणे ऐकून काका डगमगतील असे मला वाटले होते. ते म्हणाले, “अरे, पण त्या बेनना काय सांगू?”

पलीकडच्या घरात एक गुजराती बाई राहतात. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी काकांच्या त्या मोकळ्या पट्टीवर उघडते. मोटारीचा धूर फोडणीत मिसळावयाचा, ही त्यांची रास्त भीती. काका टेप घेऊन त्यांच्याकडे गेले, मी कागद-पेन्सील घेऊन मागे. महाराष्ट्रातील कित्येक शहरांच्या नियमांत गॅरेज भूखंडाच्या मागील कोपऱ्यात आणि बुटके असावे असे का सांगितलेले असते, ते मला त्या स्वयंपाकघरात उभा राहिल्यावर कळले. तेथून पाहिले तर अडीच मीटर उंचीची भिंत म्हणजे अर्धे आकाश! बेननी सरळ सांगितले, “काका, छप्पर करा, पण माझ्या बाजूला भिंत नको, आणि छप्पर खिडकीच्या वरच्या चौकटीच्या खाली नको.” काकांनी मान्य केले. छपराचा उतार आपल्या घराकडे घ्यावयाचा, पन्हळीचे पाणी स्वतःच्या बागेत सोडावयाचे, आणि गाडी नेहमी तोंड रस्त्याकडे करून उभी करावयाची, म्हणजे धुराची नळी खिडकीपासून दूर राहील. हे शेवटचे कलम बेननी चहा देतादेता घातले.

मोटारखाना म्हणून जे होणार होते त्याचे शेवटी चार खांब आणि वर पत्रा एवढेच उरले. माझ्या आजोबांच्या खोपीची आठवण झाली. फरक इतकाच की हिचा नकाशा तीनदा काढावा लागला. बेनचे संमतिपत्र, डॉक्टरांचा दाखला आणि तिसरा नकाशा जोडून अर्ज कचेरीत दिला. त्याची पावती काकांनी कालनिर्णयाच्या मागे खिळ्याला अडकवून ठेवली आहे. गाडी अजून कडुनिंबाखालीच उभी असते, आणि तिच्यावर पडणारा पाला काका रोज सकाळी स्वतः झाडतात.